मेमेचे हात मावेनात

गावात लग्न असो, वयात आलेल्या पोरांचे दात कानसण्याचा विधी असो की चितेची मिरवणूक असो, व्हिडिओ करावा तो वारसिनीनेच, असं आमच्याकडे सगळे मानतात. डोंगरापलीकडचे लोकसुद्धा तिला बोलावणं धाडतात. भरल्या मांडवातून नवरीच्या मावशीचा रुसवा नेमका टिपणारी पोरगी ती. आणि तिला घरच्या एका बाईचे दोन हात चौकटीत बसवता येईनात, याला काय म्हणावं?

ती बाई म्हणजे तिची आई, मेमे. मेमे जन्माची बहिरी. आमच्या गावात याचं कुणाला नवल नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथे काही मुलं अशीच जन्मतात, आणि ज्यांना ऐकू येतं तेही लहानपणीच हातांनी बोलायला शिकतात. भाजीवालीला येतं, पुजाऱ्याला येतं. नवरा-बायकोच्या भांडणाला तर हातच बरे, शेजाऱ्यांची झोप मोडत नाही.

पण आमची ही बोली आहे ऐसपैस. शहरातल्या शाळांत शिकवतात ती हातांची भाषा छातीसमोर, ताटाएवढ्या जागेत उरकते. आमच्याकडे कुणाचं नाव काढायचं तर तो राहतो त्या दिशेला हात करायचा, आणि तोही खांद्यापासून सबंध. डोंगर म्हटलं की डोंगराकडे, समुद्र म्हटलं की समुद्राकडे. मेमे गोष्ट सांगायला बसली की शेजारच्याने आपली कॉफी आवरून घ्यावी.

मेमेचा थोरला मुलगा सुदियार्सा, तोही बहिरा. समुद्रापलीकडे मकास्सरला लाकडाच्या कारखान्यात कामाला लागला, तिथेच संसार थाटला. त्याची बायको सेनिती ऐकणारी, दुसऱ्या गावची. नवऱ्याकडून शिकली तेवढेच तिचे हात, म्हणजे मोडकेतोडके. आणि त्यांची पाच वर्षांची रास्मी, ती आजीवर गेली. नात आपल्यासारखी बहिरी निघाली हे कळलं तेव्हा मेमेला आनंद झाला आणि तो तिने लपवलाही नाही. सेनिती त्यावरून कितीतरी दिवस घुश्शात होती. तिचंही बरोबरच होतं म्हणा, पण मेमेचंही चूक नव्हतं.

रास्मी तिकडे बहिऱ्या मुलांच्या शाळेत जायला लागली आणि ती दुसरी, ताटाएवढी भाषा बोलायला लागली. बाप संध्याकाळी रंधा मारून मारून थकलेला, त्याचे हात कितीसे बोलणार? व्हिडिओ कॉल करावा तर आमच्या डोंगरउतारावर नेटवर्कचं नाव नको. मेमेचा हात हवेत निघायचा आणि तिकडे चित्र गोठायचं, मग एकदम तीन वाक्यं पुढे उडी. रास्मी थोडा वेळ बघायची, दुकानदाराकडे बघावं तशी सभ्यपणे, आणि फोन आईकडे देऊन पळायची.

गालुंगनच्या सणाला ती सगळी गावी यायची होती.

"येईल आणि माझ्याकडे पाहुणीसारखी बघेल," मेमे एका सकाळी म्हणाली. म्हणाली म्हणजे हातांनीच. नैवेद्याच्या केळीच्या पानांचे द्रोण टोचता टोचता तिने काडी खाली ठेवली होती. "सगळ्या कुटुंबात एकच नात माझ्यासारखी. तिला माझं बोलणं कळलं नाही, तर मी म्हातारपणी बोलायचं कुणाशी?"

"माझ्याशी बोल की," बापा म्हणाले. बापा म्हणजे वारसिनीचे वडील. ऐकणारे, आणि ऐकण्यापेक्षा बोलणारे जास्त.

"तुझ्याशी बोलण्यात आयुष्य गेलं. तुला अजून काही कळलेलं नाही." हातांच्या बोलीत अहो-जाहो नसतं, बोट दाखवलं की झालं. मेमेचं बोट बापांच्या छातीत जवळजवळ रुतलंच.

वारसिनी हसली, पण तिला आईचा तो प्रश्न लागला. तिने ठरवलं की मेमेच्या गोष्टींचे व्हिडिओ करून पाठवायचे. कॉल गोठतो, पण पाठवलेला व्हिडिओ काही गोठत नाही. रास्मीच्या वर्गात मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर होता आणि तिची बाई, इबू हसनाह, तो वर्गात दाखवायला तयार होती. घरी सेनितीचा फोन होताच. शाळेत मैत्रिणींबरोबर बघायचं, घरी एकटीने पुन्हा पुन्हा बघायचं. मूल भाषा उचलतं ते असंच. तेव्हा व्हिडिओ दोन्हीकडे नीट चालायला हवा, एवढीच काय ती अट.

एवढीच अट, पण तिनेच घाम काढला.

पहिला व्हिडिओ तिने लग्नाचा करतात तसा आडवा केला. अंगणाच्या या टोकाला तिवईवर कॅमेरा, त्या टोकाला ओसरीच्या पायरीवर मेमे. गोष्ट मेमेने निवडली: काळी डुकरीण देवळात चढवायचा नैवेद्य खाऊन पळाली, बापा तिच्या मागे धावले आणि देवळाच्या दारातच त्यांचं कमरेचं सारोंग सुटलं, ती.

"जगात दुसरी गोष्ट नाही का?" बापा म्हणाले.

"तुम्ही दुसरं काही केलंच नाहीत," वारसिनी म्हणाली.

शाळेतला वर्ग हसून हसून लोळला म्हणे. घरी मात्र रास्मीने फोन नेहमीसारखा एका मुठीत उभा धरला. आडवं चित्र बारीक पट्टी होऊन मधोमध बसलं आणि त्यात दादोंग, म्हणजे आजी, अंगठ्याएवढी. तोंड तर तांदळाच्या दाण्याएवढं. सेनितीने फोन आडवा करून दिला की रास्मी तो पुन्हा उभा करायची. पाच वर्षांच्या पोरीशी कोण वाद घालणार? दुसऱ्या मिनिटाला फोन पलंगावर पडला.

मग वारसिनीने तोच व्हिडिओ दोन्ही बाजूंनी कापून उभा केला. आता मेमे छान मोठी दिसायला लागली, पण हात कोपरापासून गायब. डुकरीण आली कुठून, बापा धावले कुठे, सगळं कापलेल्या बाजूंत राहिलं. बापांचं सारोंग तेवढं मधोमध सुटलं.

"नेमकं तेच बरं राहिलं," बापा म्हणाले.

वारसिनी जिद्दीची. तिसऱ्या खेपेला तिने अंगणात मेमेच्या दोन्ही अंगांना एकेक बांबू रोवला. "मेमे, हात या दोन काठ्यांच्या आत ठेव. बाहेर गेले की कापले जातात." मेमेने का म्हणून विचारलं नाही. लेक या कामातली जाणकार, ती म्हणते ते बरोबरच असणार. तिने कोपरं बरगड्यांना लावली आणि सगळी गोष्ट नुसत्या मनगटांनी सांगितली. डोंगर दाखवायचा तिथे बोट जरासं वर केलं. डुकरीण मांजराएवढी झाली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र सगळं कसं झकास बसलं होतं. कॉम्प्युटरवर लावा, फोनवर लावा, कुठे म्हणून काही कापलं जात नव्हतं. वारसिनी खूश झाली. जमलं बाई एकदाचं, असं म्हणून तिने व्हिडिओ पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सेनितीचा मेसेज आला. 'वारसिनी, रास्मीने पूर्ण बघितलं. ती विचारते, दादोंगला बरं नाही का? तिचे हात दुखतात का?'

वारसिनीने फोन पटकन कमरेला खोचला. पण बहिऱ्या आईपासून काही लपवायचं म्हणजे चाळणीत पाणी भरायचं. मेमेने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. लहानपणापासून ती असंच करत आली होती; लेकीने दुसरीकडे बघितलं की मेमेच्या लेखी तिने दार लावून घेतलेलं असायचं.

"काय लिहिलंय?"

"काही नाही. आवडला म्हणते."

"तुझ्या भुवया तसं म्हणत नाहीत."

शेवटी वारसिनीने सांगून टाकलं. मेमे आधी हसली. मग तिने आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि बघत बसली.

"लग्न होऊन आल्यावर शहरात जायचो तेव्हा सासूबाई माझे हात दाबून धरायच्या," ती म्हणाली. "लोक बघतात, म्हणायच्या. बाजारात मी अशीच बोलायचे, कोपरं आवळून. घरी आले की मोकळी. आपल्या अंगणात कधी असं बोलावं लागेल असं वाटलं नव्हतं. असो. पोरीसाठी करायचं."

वारसिनीने उठून दोन्ही बांबू उपटले आणि स्वयंपाकघरामागे नेऊन टाकले. आईचे हात आपण दाबून धरले, आपण, असं तिला दिवसभर वाटत राहिलं, आणि ज्यांनी कधीकाळी धरले होते त्यांच्यापेक्षा आपलं जास्त वाईट, कारण आपल्याला तर तिची बोली आपल्या दुधाच्या दातांआधी आली होती.

चौथा उपाय तिने मग एडिटिंगमध्ये शोधला. आडव्या चित्रावर उभी चौकट ठेवायची आणि ती चौकट हातांच्या मागे मागे फिरवायची. हात डावीकडे गेला की चौकट डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. कॉम्प्युटरसाठी आडवा व्हिडिओ तसाच, फोनसाठी हा फिरता. फार नाजूक काम. दोन दिवस आपल्या व्हिडिओच्या दुकानाच्या दाराला 'बंद' लावून तिने ते केलं आणि या वेळी तिकडे पाठवण्याआधी फोन मेमेच्या हातात दिला.

मेमेने बघितलं. पुन्हा बघितलं. मग फोन उलटा करून मागे बघितलं.

"माझं तोंड कुठे गेलं?"

"अगं, हात नीट दिसावेत म्हणून..."

"हातांकडे कोण बघतं? हात काय, बाजूने दिसतातच. माणूस तोंडाकडे बघतो. रागावलेय की चेष्टा करतेय, सांगतेय की विचारतेय, ते सगळं तोंडावर. ही माझीच गोष्ट, आणि मलाच कळेना ही बाई हसते की रडते. अळणी जेवण आहे हे."

"तोंड गेलं ते एक बरं झालं," बापा कोंबड्याला कुरवाळता कुरवाळता म्हणाले. "त्या तोंडावर रागच जास्त असतो."

मेमेने त्यांना जे तोंड करून दाखवलं त्याला हातांची गरज पडली नाही.

वारसिनीला तोंडात मारल्यासारखं झालं. हनुवटी धरून धरून आईने हेच तर शिकवलं होतं. वर्षानुवर्षं कॅमेऱ्यातून बघताना ती ऐकणाऱ्यांसारखी बघायला लागली होती. ऐकणाऱ्यांना वाटतं की बहिऱ्यांचं बोलणं हातांत असतं. तिने कॉम्प्युटर मिटला. "मेमे, मला नाही जमत," ती म्हणाली, आणि तिला रडूच आलं. "आडवं धरलं तर तुझं तोंड जातं, उभं धरलं तर हात जातात. आणि गालुंगन तोंडावर आलाय."

आता मेमेची तऱ्हा अशी की कुणी रडायला लागलं की ती हातातलं काम सोडत नाही. ती द्रोण टोचत राहिली. तीन-चार द्रोण झाल्यावर तिने विचारलं, "तू ते यंत्र कुठे ठेवतेस?"

"तिकडे. अंगणाच्या टोकाला."

"तिथे कोण बसतं?"

वारसिनीने डोळे पुसून बघितलं. "पाहुणे."

"मी पाहुण्यांशी बोलते तशीच बोलले मग. लांबच्याशी लांबचं बोलणं." मेमेने आपल्या गुडघ्यापाशी, पायरीखालच्या जमिनीवर हात आपटला. "मागे आली होती तेव्हा रास्मी इथे बसायची. माझ्या पायांत. तिला इथे ठेव."

वारसिनीने उठून स्वयंपाकघरातून नारळ खवायचा बुटका पाट आणला, मेमेच्या गुडघ्यांसमोर ठेवला, त्यावर कॅमेरा ठेवला आणि त्याचं तोंड वर, मेमेकडे केलं. स्वतः मातीत पालथी पडून पडद्यात बघायला लागली.

मेमे खाली वाकली. आणि तिचं बोलणंच बदललं.

मोठ्या माणसाशी बोलताना हात बाजूंना जातात. पायांत बसलेल्या पोराशी बोलताना ते पुढे येतात, पोराच्या नजरेत. डुकरीण आता गोठ्याच्या दिशेला लांब नव्हती, ती कॅमेऱ्याच्या कपाळावरूनच दोन बोटांनी तुरुतुरु चालली. नैवेद्य ठेवला तो कॅमेऱ्याच्या डोक्यावर, आणि खाल्ला तोही तिथेच. डोंगर दाखवायला हात गेला तो डोक्यावरून वर, थेट आभाळात, आणि खालून बघणाऱ्या उभ्या चौकटीत पुरा मावला. बापा धावले, सारोंग सुटलं, मेमेच्या भुवया केसांना जाऊन भिडल्या, आणि मग "कळलं का गं?" म्हणून तिने कॅमेऱ्याचा गाल कुरवाळला. काचेवर बोटांचे ठसे उमटले. एरवी भिंगाला कुणी हात लावला तर वारसिनी घर डोक्यावर घ्यायची. आता ती मातीत पडून पडद्यातच बघत राहिली.

तोंडही होतं, हातही होते. मधल्या उभ्या पट्ट्यात सगळी गोष्ट होती. आणि दोन्ही बाजूंना काय होतं? एका अंगाला वाळत घातलेल्या लवंगा आणि स्वयंपाकघराचं छप्पर, दुसऱ्या अंगाला बापा आणि कुडाच्या फटीतून नाक बाहेर काढणारी खुद्द काळी डुकरीण. कॉम्प्युटरच्या आडव्या पडद्यासाठी हे सगळं राहू द्यायचं, फोनसाठी मधला पट्टा कापून घ्यायचा. एकच व्हिडिओ, दोन मापं. एवढं सोपं काम, पण कॅमेरा मातीत ठेवायचं तिला सुचलं नव्हतं. आमच्या वारसिनीला कामातल्या मानसन्मानाची फार सवय, जिथे जाईल तिथे पुजाऱ्याशेजारची जागा.

त्यानंतर मेमे रोज सांगायला लागली. लहानपणी विहिरीत पडलेली कळशी, बापांनी लग्नाआधी पाठवलेलं नासकं डुरियनचं फळ, सुदियार्सा चालायला शिकला तो दिवस. वारसिनी रोज दोन्ही मापं पाठवायची. सेनितीचे मेसेज यायचे, त्रोटकच: 'बघते आहे.' 'परत लावायला लावते.' 'फोन माझ्या हातात देतच नाही, मी बाजारात काय करू?' मेमे रोज विचारायची, "काही म्हणाली?" आणि वारसिनीला सांगावं लागायचं, "बघते म्हणतात." बघणं वेगळं आणि कळणं वेगळं, हे दोघींनाही ठाऊक होतं. मेमे मान हलवायची आणि कामाला लागायची, पण तिचं लक्ष सारखं लेकीच्या कमरेतल्या फोनकडे.

सणाला थोडे दिवस उरले असताना दुपारी सेनितीचा व्हिडिओ आला, खाली एक ओळ: 'मला मध्ये येऊ दिलं नाही. सगळं हिचं हिने केलं.'

वारसिनीने मेमेला हाक मारली, म्हणजे पायाने जमीन ठोकली. मेमे ओले हात पुसत आली. बापाही आले.

आधी दिसलं छत आणि त्यावर फिरणारा पंखा. मग एक हनुवटी, दोन नाकपुड्या, आणि वरून वाकलेलं रास्मीचं तोंड. पोरीने फोन जमिनीवर, आपल्या पायांत ठेवला होता.

तिचे हात पुढे आले. ताटाएवढे नाहीत, आपले, गावचे. दोन बोटं फोनच्या कपाळावरून तुरुतुरु चालली.

"काय म्हणते?" बापांनी विचारलं.

"डुकरीण," वारसिनी म्हणाली. "म्हणते, शाळेत दादोंगजवळ डुकरीण असते. घरी फोनमध्ये नसते. शाळेत एक म्हातारा पण असतो, घरी नसतो. ते घरी का येत नाहीत, म्हणते. दादोंग एकटी का बसते?"

"म्हातारा?" बापा म्हणाले.

रास्मी थांबली. तिने दादोंगच्याच भुवया उचलल्या, केसांपर्यंत. मग तिने सगळं पुन्हा सांगितलं, पण आता सावकाश, एकेक हात सुटा करून, पायांत बसलेल्या लहान बाळाला सांगावं तसं. सांगून झाल्यावर ती आणखी खाली वाकली, आणि तिचा तळवा फोनवर फिरला तेव्हा पडदा सगळा काळा झाला.

मेमे पायरीवर बसली होती. ती उठली, वारसिनीच्या हातातून फोन घेतला, पायरी उतरून खाली मातीत बसली आणि फोन दोन्ही हातांनी डोक्याच्या वर, उंच धरून मान मागे टाकून बघायला लागली. नात वर, आजी खाली. वारसिनीला दिसत होतं की मेमेच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे चाललंय आणि पुसायला हात मोकळा नाही.

पडद्यावरचा काळोख सरला. रास्मीचं तोंड पुन्हा दिसलं, काळजीत पडलेलं, अगदी जवळ.

"कळलं का?" तिने विचारलं.

मेमेने वारसिनीला फोन धरायला दिला. मग मोकळ्या झालेल्या हातांनी, सबंध हातांनी, ती फोनला म्हणाली, "कळलं."